इमारतीत सायकल आणण्यास मनाई

इमारतीच्या समितीने रविवारी भरदुपारी कोट्यवधी जीव मारले. मारले ते मारले, वर जिन्यात पाणी सांडलं म्हणून ज्याच्या घरातले मेले त्यालाच चार शब्द सुनावले. हे जीव डोळ्यांना दिसत नव्हते, हा काही बचाव होत नाही. समितीला न दिसणाऱ्या गोष्टी या इमारतीत पुष्कळ आहेत. गच्चीची गळती दिसत नाही, जिन्यातला गेलेला दिवा दिसत नाही. जी सायकल नव्हतीच, ती मात्र बरोबर दिसली.

जीव होते तिसऱ्या मजल्यावरच्या भोंग्याचे. भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बस डेपोत कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगायची त्याची नोकरी. वर्षानुवर्षं माइकसमोर बोलून त्याचा आवाज असा तयार झाला होता की तो घरी जेवताना मीठ मागायचा आणि पाचव्या मजल्यावर कुणीतरी डबा उघडायचं. एवढं ओरडूनही डेपोतली माणसं खिडकीशी येऊन पुन्हा विचारायचीच, "काय म्हणालात?" दिवसभर हे ऐकलेल्या माणसाला घरात एखादा तरी जीव असा हवा होता, जो काही विचारणार नाही. त्याने मासा पाळायचं ठरवलं.

काचेची टाकी आली. हॉलमधल्या खिडकीच्या कोपऱ्यात स्टँडवर बसली. त्या कोपऱ्यावर त्याच्या बायकोचा डोळा होता. ती शिवणकाम करायची आणि तिचं मशीन आतल्या खोलीत कपाटाच्या दारामागे कोंबलेलं होतं. तिथे उजेड असा की काळ्या कापडावर काळा दोरा घालताना सुई बोटात शिरायची. तरी तिने कोपरा सोडला. मासा येतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

पण मासा येईना. बसचे चार थांबे सोडून माशांचं दुकान होतं, त्याच्या मालकाला सगळे टाकीवाला म्हणायचे. हा माणूस मासे विकायला बसला होता की राखायला, हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. मासा मागितला की पहिला प्रश्न असायचा, "सायकल झाली का?" नसेल झाली तर काउंटरवरचा हातसुद्धा उचलायचा नाही.

ही सायकल म्हणजे काय, ते एकदाच नीट सांगून टाकतो, कारण पुढे कुणीच सांगत नाही. नव्या टाकीत पाणी भरायचं, फिल्टर चालू ठेवायचा आणि नसलेल्या माशाला रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते सडतं. सडलं की पाण्यात विष तयार होतं. मग ते विष खाणारे जिवाणू हळूहळू फिल्टरच्या स्पंजात संसार थाटतात. त्यांची वस्ती पुरेशी वाढली की पाणी माशाला राहण्याजोगं होतं. या सगळ्या प्रकाराला त्या धंद्यात सायकल म्हणतात. कुणीतरी वेळीच चक्र म्हणालं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

तर भोंगा रोज कामावरून आला की रिकाम्या टाकीत खाद्य टाकायचा आणि स्टूल घेऊन समोर बसायचा. सासरे त्यांच्याकडेच राहायचे. इस्पितळाच्या धुलाईखात्यात जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. सुरुवातीला ते विचारायचे, "जावईबापू, काय बघताय?" भोंगा म्हणायचा, "सायकल." सासऱ्यांनी मनाशी नोंद केली, की टाकीतल्या त्या काळ्या गुरगुरणाऱ्या फिल्टरच्या डब्याला सायकल म्हणतात. पाणी गढूळ झालं, वास सुटला. सासऱ्यांचे हात शिवशिवायला लागले. जावयाने ताकीद दिली होती की सायकलला हात लावायचा नाही, म्हणून ते गप्प होते. पण त्या स्पंजाकडे त्यांची नजर गेली की चेहरा असा व्हायचा, जसा पेढीसमोरून जाताना दरोडेखोराचा होत असेल.

बायको मात्र गप्प राहिली नाही. शेजारणी विचारायला लागल्या होत्या, की तुमच्याकडे ते सडकं पाणी कशाला ठेवलंय. एका संध्याकाळी बोटाला चिंधी गुंडाळत ती म्हणाली, "या रविवारी पाण्यात काहीतरी हललं पाहिजे. नाहीतर तिथे मशीन हलेल."

"सायकल होत आलीये गं."

"सायकल झाली की तिच्यावर बसून टाकी घेऊन जा."

भोंगा बाल्कनीत गेला आणि त्याने टाकीवाल्याला फोन लावला. इथे इमारतीचा नकाशा थोडा ध्यानात घ्यावा लागेल. बाल्कनीच्या बरोबर खाली इमारतीचं मुख्य दार, आणि दाराशी खुर्ची टाकून समितीचा सेक्रेटरी. कुठल्याशा गोदामाचा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला होता. समोरून जाणारी प्रत्येक वस्तू ही एकतर आत येतेय किंवा बाहेर चाललीय, आणि दोन्हीला आपली परवानगी लागते, अशी त्याची समजूत नोकरीबरोबर संपली नव्हती. इमारतीच्या आत सायकल आणायची नाही, हा नियम त्याने स्वतः करवून घेतला होता. सायकलींनी अंगणातल्या पत्र्याखाली राहायचं.

आता त्याच्या डोक्यावरून डेपोचा आवाज आला: "हो, हो, घरातच आहे सायकल. हॉलमध्ये. नाही हो, थांबवली नाही एकदाही. रात्रंदिवस चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने भोंग्याला लिफ्टपाशी गाठलं.

"तुमच्याकडे सायकल आहे म्हणे."

भोंग्याला भरून आलं. आजवर इमारतीत त्याच्या टाकीची कुणी धड चौकशी केली नव्हती, आणि हा माणूस थेट मुद्द्याचं विचारत होता. जाणकार दिसतो, त्याला वाटलं.

"आहे ना. म्हणजे, होत आलीये. घाई करून चालत नाही त्यात."

सेक्रेटरीला वाटलं, हा सुटे भाग आणून घरातच सायकल जोडतोय. म्हणजे प्रकरण कारखान्यापर्यंत गेलेलं आहे. "आत आणलीत कशी? वॉचमनला कशी दिसली नाही?"

"दिसायची नाहीच ती. आणि आणावी लागत नाही, साहेब. थोडं सडकं टाकायचं, वाट बघायची. आपोआप तयार होते."

"माझी थट्टा करताय?"

"थट्टा कशाला करू? सुरुवातीला वास येतो, एवढाच त्रास."

"इमारतीत सायकल चालत नाही," सेक्रेटरी एकेक शब्द सुटा करत म्हणाला.

"का नाही चालणार? आमच्याकडे मस्त चाललीये. तुम्ही रविवारी याच बघायला. मासा पण असेल."

सेक्रेटरी लाल झाला. समितीला मासा खाऊ घालून गप्प करायचा डाव त्याच्या तत्काळ ध्यानात आला. "येणारच आहे," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी दाराशी पाटी लागली: इमारतीत सायकल आणण्यास सक्त मनाई आहे, आदेशावरून. भोंग्याने येताजाता ती वाचली आणि त्याला ती पटली. लिफ्टच्या भिंतींना पेडलचे ओरखडे पडतात, हे त्यानेही पाहिलं होतं.

रविवार उजाडला. बायको कपडे पोचवायला गिऱ्हाइकांकडे गेली; जाताना मशीनवरचं फडकं काढून घडी करून ठेवून गेली, म्हणजे काय ते समजावं. भोंगा टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन दुकानात पोचला. टाकीवाल्याने त्यात थेंब टाकले आणि बाटली उजेडाला धरली. पिवळा रंग आला तर मासा, हिरवा आला तर परत घरी. भोंगा श्वास रोखून उभा होता. दुकानातले सगळे मासे तोंडं उघडून त्याच्याकडे बघत होते. रंग पिवळा आला.

"झाली सायकल," टाकीवाला अनिच्छेने म्हणाला. जामीन मंजूर करावा तसा. "एकच मिळेल. पहिल्यांदा एकच."

भोंग्याने खूप बघितलं. सोनेरी घोळके काचेशी येऊन लगट करत होते. एका बरणीत मात्र निळ्याभोर शेपटीचा एक फायटर जातीचा मासा जगाकडे पाठ करून तरंगत होता. भोंग्याने काचेवर टिचकी मारली. माशाने मान वळवली नाही, कल्ले फुगवले नाहीत, काही म्हणजे काही विचारलं नाही.

"हाच," भोंगा म्हणाला, आणि बाकीचे मासे दचकून तळाशी गेले.

फुगवलेली पिशवी मांडीवर घेऊन तो बसने निघाला. खड्डा आला की पिशवी वर उचलून धरायचा. त्याला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून बरं वाटत होतं.

इकडे घराची बेल वाजली होती. दारात सेक्रेटरी, मागे वॉचमन. मालक घरात नसताना समिती उंबरठा ओलांडत नाही, या तत्त्वाचा सेक्रेटरी पक्का होता, आणि बाहेरून टाकी दिसत नव्हती. एरवी तत्त्वं मोडायला समितीला वेळ लागत नाही. त्या दिवशी एक पाऊल आत पडलं असतं तर सगळं वाचलं असतं.

"सायकल कुठे आहे?"

"आत, खिडकीपाशी," सासरे म्हणाले.

"काढा ती. ताबडतोब खाली आणून द्या."

सासरे म्हणाले, जावईबापू बाहेर गेलेत, त्यांना विचारल्याशिवाय कसं काढू? सेक्रेटरी म्हणाला, विचारायचं काय त्यात, नियम आहे, खाली पाटी लावलीये. सासऱ्यांनी पाटी वाचली होती. सबंध आयुष्य पाटी वाचून वागण्यात गेलेला माणूस तो. तरीही ते दोन क्षण घुटमळले. आणि मग सेक्रेटरी जाताजाता म्हणाला, "आणि स्वच्छ धुऊन आणा. जिन्यात घाण नको."

धुऊन. एवढे दिवस दाबून ठेवलेला माणूस त्या एका शब्दाने उठला. त्यांनी फिल्टर काढला, पाणी उकळलं, कपड्यांची पावडर घेतली. स्पंज पिळला, घासला, पुन्हा पिळला. काळं पाणी मोरीतून जाताना त्यांना जे समाधान लाभलं ते निवृत्तीनंतर लाभलं नव्हतं. मग हात लागलाच आहे म्हणून टाकीही उपसली, खडे खळखळून धुतले, काच सुती फडक्याने कोरडी केली. आणि तो डबा घेऊन, ठिबकत, ते खाली गेले.

"ही घ्या सायकल," ते म्हणाले. "एक जंतू शिल्लक नाही."

सेक्रेटरीने डबा उलटापालटा करून पाहिला. "बाकीची कुठे आहे?"

"एवढीच असते."

सायकल मोडून तिचा कुठलातरी किरकोळ भाग आपल्या हातात दिलाय, हे सेक्रेटरीने ओळखलं. डबा त्याने ताब्यात घेतला, जिन्यात सांडलेल्या थेंबांचा गुन्हा मनात वेगळा नोंदवला आणि भोंग्याची वाट बघत बसला.

भोंगा पिशवी छातीशी धरून आत आला तेव्हा त्याला दाराशी वॉचमनच्या टेबलावर आपला फिल्टर दिसला. सेक्रेटरीने जिन्यातल्या पाण्यापासूनच सुरुवात केली. शिस्त म्हणून काही असते, वगैरे. भोंग्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने स्पंज हातात घेतला. तो पांढराशुभ्र होता आणि त्याला कपड्यांच्या पावडरीतल्या लिंबाचा वास येत होता.

"बाबांनी धुतला?"

त्याचा आवाज इतका हळू निघाला की सेक्रेटरी पुढे वाकला.

"काय म्हणालात?"

"सायकल धुतली?"

"मी सांगितलं धुवायला. आता उरलेली सायकल कुठे लपवलीये ते सांगा."

"उरलेली नाही. सगळी यातच होती. जिवाणू होते त्यात. मासा जगावा म्हणून वाढवले होते."

वॉचमनने भिंतीकडे तोंड फिरवलं. सेक्रेटरीच्या डोक्यात काहीतरी हलल्यासारखं झालं, पण त्याने ते लगेच दाबून बसवलं. "मग तिला सायकल का म्हणता?"

"सगळे म्हणतात."

"समिती म्हणत नाही," सेक्रेटरी म्हणाला.

भोंग्याने टाकीवाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस फोनमधून सगळ्यांना ऐकू येईल इतका तापला. पावडरीने धुतलं? मग ती टाकी आता विसरा. नळाच्या ताज्या पाण्यात सोडलात तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका. जुनं पाणी शोधा, हिरवं, शेवाळलेलं, ज्याला कित्येक वर्षांत माणसाचा हात लागला नाही असं. इतकं घाण पाणी कुठे मिळणार, असं भोंग्याने विचारलं आणि विचारताविचारता त्याची मान वळली. वॉचमनचीही वळली. शेवटी सेक्रेटरीचीही.

दारातून आत आल्याआल्या समितीचं कारंजं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ते एकदा उडालं होतं, तेही पाहुण्याच्या अंगावर. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. दर सभेत साफसफाईचा विषय निघायचा आणि पुढच्या सभेवर जायचा. हौदात गुडघाभर हिरवं पाणी होतं, त्यावर डास नांदत होते, आणि काठाला बोटभर जाडीचं मखमली शेवाळ. अख्ख्या इमारतीत सायकल पूर्ण झालेलं पाणी एवढंच होतं.

"कारंजं समितीच्या मालकीचं आहे," सेक्रेटरी म्हणाला. "ठराव लागेल."

भोंगा हौदाच्या काठावर बसला आणि त्याने बंद पिशवी पाण्यावर ठेवून दिली. माशाला नव्या पाण्याची ऊब ओळखीची व्हावी म्हणून ती तशीच तरंगत ठेवावी लागते. सेक्रेटरी समोर खुर्ची ओढून बसला, म्हणजे बेकायदा कृत्य घडेल त्या क्षणी हजर असावं म्हणून. दोघं एका पिशवीकडे बघत होते. थोड्या वेळाने सेक्रेटरीने चष्मा पुसला. आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "अजून किती?"

"होईल."

"गुदमरणार नाही ना तो?"

 भोंग्याने पिशवीची गाठ सोडली. मासा बाहेर आला, जागच्या जागी थबकला, मग निळी शेपटी पंख्यासारखी उघडून हौदाच्या मधोमध गेला. पृष्ठभागावर वळवळणारं काहीतरी त्याने टिपलं. मग आणखी एक.

"काय खातोय?" सेक्रेटरीने विचारलं.

"तुमचे डास."

तेवढ्यात बायको आली. तिने कारंज्याशी बसलेले दोन पुरुष पाहिले, काही न विचारता वर गेली, कोरडी ठणठणीत टाकी पाहिली, वडिलांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहिलं आणि पुन्हा खाली आली.

"हललं का काही?"

"हललं," भोंगा म्हणाला. "पण खाली."

"मग वर मशीन हलवू," ती म्हणाली. त्याच्या शेजारी काठावर टेकून तिने पाण्यात पाहिलं. "आहे बाकी देखणा. तुमच्याकडे पाठ करून बसलाय."

"त्याची ती सवयच आहे."

संध्याकाळी मशीन खिडकीत आलं. टाकी रिळांनी आणि कापडाच्या तुकड्यांनी भरली आणि बायको म्हणाली, घरात पहिल्यांदा एक उपयोगाची वस्तू आली. भोंगा कामावरून आला की कारंज्याच्या काठावर बसायचा. मासा त्याला ओळखायला लागला होता. म्हणजे इतरांपेक्षा याच्याकडे जास्त वेळ पाठ करायचा.

मग दारातले डास कमी झाले. लोक थांबून बघायला लागले. लोक बघतायत हे बघून समितीने बैठक घेतली, आणि कधी नव्हे तो ठराव एका फटक्यात पास झाला. ताब्यातला फिल्टर हौदात बसवण्यात आला. जुन्या पाटीशेजारी नवी पाटी ठोकली गेली: मत्स्यालय, समितीचा उपक्रम. रहिवाशांनी काठावर बसू नये, आदेशावरून.

भोंगा उभा राहून बघायला लागला. मग उभं राहण्यालाही मनाई झाली, कारण वाट अडते. मग तो वरूनच, जिन्याच्या कठड्यावरून वाकून, दिसेल तेवढं निळं बघायचा. बायकोने दोन-तीनदा म्हटलं, जाऊ द्या, दुसरा आणू. तो म्हणाला, दुसरा सगळ्या गोष्टी विचारणारा निघाला तर?

अशा एका संध्याकाळी शेजारच्या इमारतीचे समितीवाले उपक्रम बघायला आले. भोंगा बाल्कनीत होता. खालून सेक्रेटरीचा आवाज आला, मोठा, समजावणीचा.

"नुसतं पाणी भरून मासा सोडता येत नाही, बरं का. लोकांना वाटतं सोपं आहे. आधी सायकल व्हावी लागते. आमच्या इमारतीत ती केव्हाच पूर्ण झालेली आहे."

मशीन थांबलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला आणि बाल्कनीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. डेपोत गाडी चुकीच्या फलाटावर लागली की तो उभा राहायचा तसा तो उभा होता.

"हळू बोलणार आहात का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बोला."

"इकडे लक्ष द्या," भोंगा म्हणाला, आणि सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. "दाराशी पाटी आहे, इमारतीत सायकल आणण्यास सक्त मनाई. माझ्या घरातली होती, ती धुऊन मारली. समितीच्या कारंज्यात एक सायकल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, राजरोस चालू आहे, हे सेक्रेटरीसाहेबांनी आत्ताच कबूल केलंय. ती नियमाने बाहेर काढताय, की माझा मासा मला परत देताय? इमारत ऐकतेय. उत्तर द्या."